आठ मुलांची यादी

मनिला,
ता. १८ जून १९७३

सौ. मनांग पुरिता हिला धाकट्या बहिणीचा, सालोमेचा सा. न. वि. वि.

परवा सुखरूप पोचले. बोट इलोइलोहूनच चार तास उशिरा सुटली, त्यामुळे तू बांधून दिलेला भात मी बंदरावरच संपवला. सुक्या मासळीचं पुडकं घरमालकिणीने दारातच अडवलं. म्हणाली, हा वास माझ्या घरात नको. संध्याकाळी तिनेच अर्धं पुडकं तळून खाल्लं आणि तुझ्या बहिणीला सांग आणखी पाठव म्हणाली.

आता कामाचं. हे पत्र मुद्दाम शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं असतं तर आपल्या आईने, नानायने, तुझ्या फिनाला हाताशी धरून लगेच वाचून घेतलं असतं, आणि हे फिनाने वाचायचं नाही. तुझ्या सहावीच्या एक्केचाळीस मुलांची मी जी आकृत्यांची चाचणी घेतली ती तपासून झाली. ही चाचणी मुलाला आज किती येतं ते सांगत नाही. कोणतं मूल आता उसळी घेण्याच्या बेतात आहे, ते सांगते. तुझ्या वर्गात अशी आठ मुलं निघाली. नावं सोबतच्या कागदावर आहेत. काही नावं वाचून तुला नवल वाटेल, पण चाचणी तसं म्हणते.

ही नावं मुलांना, त्यांच्या आईबापांना, हेडमास्तरांना, कोणालाच सांगू नकोस. वेगळं काही करायचं नाही. फक्त तुला माहीत असू दे. मार्चमध्ये मी येऊन पुन्हा चाचणी घेईन आणि त्यावर माझा प्रबंध उभा राहील. दुसऱ्या कुठल्या शाळेने मला वर्गात पाऊलही टाकू दिलं नसतं. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही.

नानायला नमस्कार, भावजींना, गोरियो मानोंगना नमस्कार. माझ्यावर रागावू नकोस, आणि आहे ती माया ठेव.

तुझी,
सालोमे


सान रोके,
ता. ५ जुलै १९७३

चि. सालोमे हिस पुरिताचे अ. आ.

पत्र पोस्टमनने शाळेतच दिलं. यादी मी मधल्या सुट्टीत वाचली. क्लेतोचं नाव पहिलं! मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. अगं, आनाक्लेतो म्हणजे तोच, जो गेल्या वर्षी सहावीतच राहिला, शेवटच्या बाकावर बसतो आणि शर्टाची कॉलर चघळतो. त्याची आई बाजारात मीठ विकते. दर वर्षी मला विचारते, बाई, याला शाळेतून काढून मिठागरावर घालू का? मी दर वर्षी म्हणते, बघू. या वर्षी मात्र विचारायला आली तेव्हा मी ठणकावून सांगितलं की नाही घालायचं. ती बिचारी माझ्याकडे बघतच राहिली. यादीबद्दल अवाक्षर बोलले नाही, घाबरू नकोस.

वेनेरांडा हुशार आहेच, तिचं नवल नाही. बाकीची सहा मला आजवर फारशी दिसलीच नव्हती असं म्हणायला हवं.

देल्फिनाचं नाव मी दोनदा शोधलं. नाही. आई म्हणून जरा टोचलं, खोटं कशाला बोलू? पण मास्तरीण म्हणून विचार केला की पोरगी पहिल्यापासून वरच्या नंबरात आहे, कदाचित तिची उसळी घेऊन झाली असेल. शास्त्र ते शास्त्र, मावशीने भाचीची बाजू घेतली नाही हेही बरंच झालं.

नानायचे डोळे आणखी मंद झालेत. फिना तिला सगळं वाचून दाखवते, औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा. गोरियो दोन नव्या होड्यांच्या कामात आहेत, अंगाला सारखा लाकडाचा भुसा. तू नीट जेवत जा. मायलेकींचे आणि घरातल्या सगळ्यांचे आशीर्वाद.

तुझी मनांग,
पुरिता


सान रोके,
ता. १६ सप्टेंबर १९७३

चि. सालोमे हिस अ. आ.

तुझ्याकडून दोन महिने ओळ नाही. अभ्यासात बुडाली असशील म्हणून मीच लिहिते.

तुझ्या शास्त्रापुढे मी हात टेकले. क्लेतो अपूर्णांकांची गणितं फळ्यावर करतो! जुलैमध्ये त्याला मी पुढच्या बाकावर आणलं. पहिले पंधरा दिवस तो फळ्यापाशी नुसता उभा राहायचा. एरवी मी बस खाली म्हटलं असतं. पण याच्यात काहीतरी आहे हे तू सांगून ठेवलेलं, म्हणून मी थांबले. वर्ग चुळबुळायला लागला तरी थांबले. तर एक दिवस याने उत्तर लिहिलं, आणि बरोबर लिहिलं. आता तर मी प्रश्न विचारायच्या आत हात वर असतो. कॉलर अजून चघळतो, पण विचार करताना.

बाकीची सातही पुढे सरकली आहेत. हेडमास्तर म्हणाले, पुरिता, या वर्षी तुझ्या वर्गाला झालंय काय? मी नुसती हसले.

एक सल्ला हवा आहे. इलोइलोच्या मोठ्या हायस्कुलात दर वर्षी आपल्या जिल्ह्यातून काही मुलं शिष्यवृत्तीवर घेतात. जानेवारीत परीक्षा. आपल्या शाळेने दोनच नावं द्यायची, ऑक्टोबरअखेर. फिना दोन वर्षांपासून या परीक्षेचं घोकते आहे. तिच्या बापाने तिच्यासाठी ट्रंकही करायला घेतली आहे. पण माझ्या मनात वेगळंच येतं. जागा दोनच, आणि ज्यांची वाढ अजून व्हायची आहे अशांना त्या मिळाव्यात की नाही? स्वतःच्या मुलीला पुढे केलं तर लोकही बोलतील. तू या विषयातली, तुला काय वाटतं ते लगेच कळव.

नानाय विचारते, लोमे लग्नाचं काही बोलते का. मी म्हटलं, ती आकृत्यांशी लग्न लावून बसली आहे. कळावे, आणि या खेपेला उत्तराला आळस नको.

पुरिता


मनिला,
ता. ३० सप्टेंबर १९७३

सौ. मनांग हिला सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मला बरं नव्हतं. तसं विशेष काही नाही, घसा धरला होता. इथे पाऊस फार, आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं.

क्लेतोचं वाचून आनंद झाला. परीक्षेच्या नावांबद्दल मी काय सांगणार? तू वर्गात रोज उभी असतेस, मी एकदाच उभी होते. माझ्या यादीचा त्याच्याशी संबंध लावू नयेस असं मला वाटतं. चाचणी म्हणजे काही देववाणी नाही. फिनाने दोन वर्षं अभ्यास केला आहे, तोही धरायला हवा. सगळ्या वर्गाकडे बघून ठरव. यापेक्षा जास्त मला आत्ता लिहिता येत नाही.

फिनाला माझे गोड पापे. नानायला सांग, आकृत्या बऱ्या नवऱ्यापेक्षा, निदान जेवायला मागत नाहीत.

तुझी,
सालोमे


सान रोके,
ता. २१ ऑक्टोबर १९७३

चि. सालोमे हिस अ. आ.

तुझं पत्र वाचून मला हसू आलं. स्वतःच्या शास्त्रावर स्वतःचाच भरवसा नाही! भाचीसाठी तुझा जीव तुटतो, म्हणून तू असं आडून लिहिलंस, हे मला कळत नाही का? पण तू मन घट्ट करून यादी पाठवलीस, तर मीही मन घट्ट केलं. काल नावं दिली. आनाक्लेतो आणि वेनेरांडा.

फिनाला मी स्वतः सांगितलं. म्हटलं, बाळा, तू आपल्या गावच्या हायस्कुलातही चांगलीच शिकशील. तुझी झेप मला ठाऊक आहे. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, म्हणजे किती आहे माझी झेप? मी म्हटलं, पुष्कळ आहे. मग ती नानायपाशी जाऊन तिला पेपर वाचून दाखवत बसली. तिच्या बापाने ट्रंकेचं काम थांबवलं आहे. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

मला मात्र पटतं की केलं ते बरोबर. मिठागरावर जायचं पोर इलोइलोला शिकायला जाईल, यापरतं शाळेचं दुसरं काम काय? जिल्ह्याच्या कचेरीतले म्हणतात तीस नोव्हेंबरपर्यंत नावं बदलून मिळतात, पण बदलायचं कारणच नाही. तुझ्या यादीने माझं काम सोपं केलं, नाहीतर मी आईच्या डोळ्यांनीच बघत राहिले असते.

प्रकृतीला जप. घसा मिठाच्या पाण्याने धू.

पुरिता


मनिला,
ता. ९ नोव्हेंबर १९७३

सौ. मनांग पुरिता हिला सालोमेचा सा. न.

सान रोकेची एक बाई आज दुपारच्या बोटीने निघते आहे, तिच्या हाती हे देते. पोस्टाने उशीर होईल. तीस तारखेच्या आत तुला मिळालं पाहिजे.

मनांग, त्या यादीत काहीही नाही. चाचणीत काही निघालं नाही, निघणारही नव्हतं, ती साधी आकृत्यांची चाचणी होती. मी एक्केचाळीस मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या केल्या, बिस्किटाच्या डब्यात टाकल्या, डबा हलवला आणि आठ काढल्या. पहिली चिठ्ठी आनाक्लेतोची निघाली. फिनाची चिठ्ठीही डब्यात होती. ती हाताला लागली नाही, इतकंच.

मला हे बघायचं होतं की मूल पुढे जातं ते त्याच्यात काही असतं म्हणून, की बाईंना वाटतं त्याच्यात काही आहे म्हणून. बाईंना खरं सांगितलं तर ते बघता येत नाही. आपल्या देशभर मुलांना पहिल्या तुकडीपासून शेवटच्या तुकडीपर्यंत उतरत्या क्रमाने बसवतात. शेवटच्या तुकडीतल्या मुलाकडे सगळे शेवटच्या तुकडीसारखंच बघतात, आणि ते जन्मभर तिथेच बसून राहतं. हे आकड्यांनी दाखवलं तर कोणीतरी ऐकेल असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण त्यासाठी मी तुझ्याशी खोटं बोलले.

सप्टेंबरचं तुझं पत्र घेऊन मी माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले होते. त्या म्हणाल्या, मार्चपर्यंत गप्प राहा, एका मुलीच्या एका परीक्षेसाठी सगळं काम पाण्यात घालतेस की काय? मी गप्प राहिले. तुला ते अर्धवट पत्र लिहिलं आणि तूच ओळखशील अशी आशा धरली. तो भित्रेपणा होता. आज बाईंना न विचारता लिहिते आहे. प्रबंधाचं काय व्हायचं ते होवो.

नावं बदलता येत असतील तर बदल. क्षमा कर म्हणायचीही सोय मी ठेवलेली नाही, तरी मागते.

सालोमे


सान रोके,
ता. १९ नोव्हेंबर १९७३

चि. लोमे हिस नानायचे आशीर्वाद.

हे मी सांगते आहे आणि फिना लिहिते आहे. पुरिता तुला पत्र लिहिणार नाही म्हणते, म्हणून मी लिहिते.

तुझं पत्र त्या बाईने घरी आणून दिलं. पुरिता शिक्षकांच्या सभेला गेली होती. तुझं पत्र आलं की मला धीर धरवत नाही, तुला माहीत आहे. मी फिनाला म्हटलं, फोड. (तिया लोमे, मीच मोठ्याने वाचलं. माझी चिठ्ठी डब्यात होती तिथपर्यंत आले आणि थांबले. लोला आजी म्हणाली, पुढे वाच. मी पुढे वाचलं. मग म्हणाली, आता पहिल्यापासून. मी दोनदा वाचलं. - फिना)

लोमे, मला शाळा माहीत नाही, मी दुसरीपर्यंत गेले. पण आपल्या गावच्या उत्सवात संताची मूर्ती कोणी उचलायची यालाही चिठ्ठ्या टाकतात, आणि चर्चच्या दारात, सगळ्यांसमोर टाकतात. ज्याची निघाली नाही तो म्हणतो, माझं नशीब. तो असं म्हणत नाही की मी मूर्ती उचलायच्या लायकीचा नाही. तू चिठ्ठ्या लपून टाकल्यास आणि वर त्याला शास्त्र म्हणालीस. माझ्या नातीला महिनाभर वाटत होतं की तिच्या डोक्यात काही कमी आहे. (हे लिहू नको म्हटलं तर लोला म्हणते, लिही.)

पुरिता आली. तिने उभ्याउभ्या वाचलं. मला वाटलं ओरडेल. तिने पत्राची घडी घातली, तांदूळ धुतले, आणि तेच तांदूळ पुन्हा धुतले. रात्री कोणी जेवलं नाही, गोरियो सोडून. त्याला भूक लागतेच.

तू वाईट पोरगी नाहीस. लहानपणी दुसऱ्यांची पिल्लं घरी आणून वाढवायचीस. पण तेव्हाही विचारत नव्हतीस.

थंडीचं अंगावर काही घे.

तुझी आई
(आणि लिहिणारी देल्फिना. माझं तुझ्याशी सध्या बोलणं नाही. हे फक्त लोलाचं पत्र आहे.)


सान रोके,
ता. १७ फेब्रुवारी १९७४

चि. सालोमे हिस आशीर्वाद.

तुझी तीन पत्रं आणि नाताळचं पार्सल मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं ते पाठवण्यासारखं नसतं. आता लिहिते.

फिना माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. मी म्हटलं, मी जाते आणि तुझं नाव घालते. तिने मान फिरवली. वेनेरांडाचं नाव काढायचा प्रश्न नव्हता, ती यादी नसती तरी गेलीच असती. म्हणजे क्लेतोचं काढायचं. सव्वीस नोव्हेंबरला मी रजा टाकून पहिल्या बसने कचेरीत जायला निघाले. मी चप्पल घालत होते तेव्हा फिना पहिल्यांदा बोलली. म्हणाली, त्याचं नाव काढलंस तर त्याला काय सांगशील?

कचेरीत कोऱ्या अर्जाचा कागद हातात घेऊन मी बाकावर दोन तास बसले. कारकून दोनदा विचारून गेला, बाई, तुमचं काय काम? क्लेतोला काय सांगायचं ते मला सुचेना. तुझी चिठ्ठी चुकून निघाली, असं सांगू? त्याने पाच महिने जी गणितं केली ती काय डब्याने केली? मी कागद तसाच परत दिला, शाळेसाठी खडूची पेटी घेतली आणि घरी आले. फिनाने पेटी बघितली आणि समजली. त्या दिवशी ती परसात जाऊन रडली. तिला रडू दिलं. मी योग्य केलं की अयोग्य, ते अजून मला सांगता येत नाही. गोरियो म्हणाले, तू कधी आई असतेस आणि कधी बाई, ते आम्हाला आधी सांगत जा. त्यांचंही खरं आहे.

तू मला फसवलंस, याचा राग आता उतरला. उतरत नाही तो दुसराच. तुझं पत्र आल्यावर मी हजेरीपट काढला आणि एकेका नावापुढे आठवत बसले, की जुलैपासून या मुलासाठी मी फळ्यापाशी किती थांबले. आठांसाठी थांबले होते. उरलेल्या तेहतिसांना मी बस खाली म्हणत होते. हे तू मला करायला सांगितलं नव्हतंस. उलट वेगळं काही करू नकोस असंच लिहिलं होतंस. ते माझं मीच केलं, आणि यादी नव्हती तेव्हा अठरा वर्षं माझी स्वतःची एक यादी होती, तीत क्लेतो नव्हता, एवढाच फरक. त्यात फिना होती, म्हणून मला ती कधी खटकली नाही.

डिसेंबरपासून मी सगळ्यांसाठी थांबते. मनात दहा आकडे मोजते. सोपं नाही. पातेर्नो तोतरा आहे, त्याच्यासाठी दहा पुरत नाहीत, वीस लागतात. सहा वर्षांत त्याला कोणी पूर्ण वाक्य बोलू दिलं नव्हतं. आता बोलतो, आणि बोलायला लागला की थांबवावं लागतं. अभ्यासक्रम दोन धडे मागे पडला आहे. तपासनीस साहेब शेरा मारून गेले की वर्गाची गती मंद. मी सही केली.

परीक्षेचा निकाल कालच आला. क्लेतो घेतला गेला, जिल्ह्यात अकरावा. वेनेरांडा थोडक्यात राहिली. फिना बसली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न घरात कोणी काढत नाही.

मार्चमध्ये ये. तुझी चाचणी पुन्हा घे. तुला प्रबंधाला उपयोग होवो न होवो, मला बघायचं आहे. फिना तुझ्याशी बोलेल की नाही ते मी सांगू शकत नाही.

पुरिता


मनिला,
ता. ८ एप्रिल १९७४

सौ. मनांग हिला सा. न. वि. वि.

तुझ्याकडचे चार दिवस डोळ्यांसमोरून जात नाहीत. फिना पहिले दोन दिवस माझ्याशी फक्त हो आणि नाही बोलली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, चिठ्ठ्या हलवताना डबा उघडा होता की बंद? मी म्हटलं, बंद. मग म्हणाली, निदान तेवढं तरी नीट केलंस. मला त्या वाक्यावर हसावं की रडावं ते कळलं नाही.

निकाल कळवते. आठ मुलं पुष्कळ पुढे गेली आहेत. पण उरलेली तेहतीसही गेली आहेत. पातेर्नोने तर आठांतल्या पाचांना मागे टाकलं. मार्गदर्शक बाईंनी आकडे बघितले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, तुझ्या बहिणीने डिसेंबरपासून सगळं कालवून टाकलं, यातून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. मी म्हटलं, खरं आहे, येत नाही. त्या रागावल्या आहेत, पण त्यांनी मला काढून टाकलेलं नाही. मी नवा विषय मागितला आहे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती सेकंद थांबतात, आणि कोणासाठी. या वेळी शिक्षकांना आधी सांगून. एक वर्ष वाढेल.

एक गोष्ट तुला तिथे असताना सांगितली नाही. निघायच्या सकाळी तू शाळेत होतीस तेव्हा क्लेतोची आई आली. काखेत जिवंत कोंबडी. म्हणाली, माझ्या पोराची अक्कल आधी तुम्हीच ओळखलीत असं बाई बोलल्या, मला तर तेरा वर्षांत दिसली नाही. (तू तिला यादीचं थोडं बोललीस वाटतं. चालायचंच, तिला मुलगा मिठागरापासून अडवायचं कारण हवं होतं.) मग तिने विचारलं, ताई, खरं सांगा, माझा मुलगा मुळातच हुशार आहे ना? तिथे जाऊन तोंडावर पडणार नाही ना?

माझ्या तोंडापर्यंत सगळं आलं होतं. डबा, चिठ्ठ्या, सगळं. खरं बोलायचं असं मी ठरवून आले होते ना? मग वाटलं, मला हलकं वाटावं म्हणून मी हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवते आहे. मी म्हटलं, मुळात कोण काय असतं ते मला ओळखता येत नाही. पण त्याची मार्चची गणितं मी स्वतः तपासली आहेत, ती त्याने स्वतः केली आहेत, आणि बरोबर आहेत. ती म्हणाली, तेवढं पुरे. कोंबडी ठेवून गेली. मी ती तुमच्या खुराड्यात सोडली. तुम्हाला एक कोंबडी जास्त दिसली असेल, ती हीच.

क्लेतोला पुढे कधी सांगायचं का, ते तू ठरव. माझा तो हक्क राहिलेला नाही. गोरियो मानोंगनी ट्रंक पुरी करायला घेतली आहे असं ऐकलं. कोणासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही.

दुरूनच सगळ्यांच्या पाया पडते.

तुझी,
सालोमे


सान रोके,
ता. १७ जून १९७४

ती. तिया लोमे हिला देल्फिनाचा शि. सा. न.

तुझ्याशी बोलणं सुरू करायचं ठरवलं आहे. मी अजून थोडी रागावलेली आहे, पण तेवढ्या रागात पत्र लिहिता येतं.

आम्ही बरे आहोत. लोलाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होईल. म्हणते, दिसायला लागलं की आधी लोमेची जुनी पत्रं स्वतः वाचून बघेन, पोरीने काय काय गाळलं ते. मी काहीच गाळलेलं नाही. मी गेल्या आठवड्यापासून गावच्या हायस्कुलात जाते. रोज जीपने जायचं, पाठीमागे लटकायचं नाही असं माझ्या नानायने, म्हणजे तुझ्या मनांगने, बजावलं आहे. गणिताचे सर एक धडा तीन दिवस शिकवतात, झोप येते. वेनेरांडा माझ्याच बाकावर आहे. पुढच्या वर्षी हायस्कुलाच्या दुसऱ्या वर्गातून इलोइलोची एक परीक्षा असते, तिला कोणीही बसू शकतं, बाईंनी नाव द्यावं लागत नाही. आम्ही दोघी बसणार आहोत. मी हे नानायला विचारलं नाही, सांगितलं. ती बरं म्हणाली.

काल क्लेतो गेला. सगळे बसपर्यंत गेलो होतो. माझ्या तातायनी ट्रंक त्यालाच दिली. तो घेईना, तर तातायनी सांगितलं, मी दुसरी करतोच आहे, हिला कधी ना कधी लागणार आहे. त्याची आई रडत होती आणि त्याच्या खिशात उकडलेली अंडी कोंबत होती. त्याने नवा शर्ट घातला होता आणि कॉलर बसायच्या आधीच ओली झाली होती.

बस यायला वेळ होता. आम्ही दोघं ट्रंकेवर बसलो होतो. मला वाटलं, आता सांगावं. नानायने मला कधीच सांगू नको म्हटलेलं नाही. ती म्हणाली होती, हे तुझ्याकडून घेतलं गेलं, तर काय करायचं ते तूच ठरव. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलायला लागला. म्हणाला, फिना, तुला एक सांगतो, बाईंना सांगू नकोस. गेल्या जुलैपासून बाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मी फार हुशार आहे. का ते कळेना. मला वाटलं, त्यांची काहीतरी चूक झाली आहे. दुसऱ्या कोणाचा पेपर माझा समजल्या असतील. त्यांना ते कळू नये म्हणून मी अभ्यास करायला लागलो. रोज वाटायचं, आज कळणार. अजून वाटतं. तिथे गेल्यावर पहिल्या दिवशीच त्यांना कळेल.

तिया लोमे, माझ्याकडे सांगण्यासारखं किती होतं! पण तो अकरावा आला तेव्हा कोणी डबा हलवत नव्हतं. मी त्याला सांगितलं, बाईंची चूक झाली नव्हती. मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत आहे.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. मग बस आली. ट्रंक टपावर चढवली, ती जड होती, चौघांना हात लावावा लागला. तो खिडकीत बसला आणि बस वळेपर्यंत हात हलवत होता.

हे मी खोटं बोलले की खरं, ते तू मला कळव. नानायला विचारलं तर ती म्हणाली, मी अजून मोजते आहे, थांब.

छोट्यांवर लोभ असू द्यावा, मोठ्यांवर आम्हीही ठेवू.

तुझी भाची,
देल्फिना